पित्ताशयातील अतिथी

मरणाच्या उंबरठ्यावरून परत आलेल्या मनुष्यापुढे एक प्रश्न उभा राहतो, जो इतरांपुढे सहसा उभा राहत नाही. परत मिळालेले आयुष्य त्याचे स्वतःचेच असते, की ज्यांच्या सेवेने, ज्ञानाने आणि प्रार्थनेने ते मिळाले त्यांचेही त्यावर काही स्वामित्व उरते? ऋण मानावे, तर ते कोणाला आणि किती फेडावे हे कळत नाही. न मानावे, तर मनाला स्वस्थता लाभत नाही. आपल्या पूर्वजांनी देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांचा पुष्कळ विचार केला. स्वतःच्या वाचलेल्या देहाच्या ऋणाविषयी मात्र त्यांनी विशेष काही सांगून ठेवलेले नाही. एकविसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात, कृष्णेच्या काठी वसलेल्या वेणघाट या गावी, सुनीतीबाई थत्ते यांना हा प्रश्न स्वतःच्या बुद्धीने सोडवावा लागला. त्या विदुषी नव्हत्या. त्या स्वयंपाक उत्तम करीत, आणि त्याच नात्याने गाव त्यांना ओळखत असे.

वेणघाटात दर माघात कृष्णाबाईचा उत्सव होतो. नदीलाच देवी मानून घाटावर मांडव घालतात, तिची मूर्ती बसवतात, आणि अखेरच्या दिवशी सारे गाव पंगतीला बसते. पंगतीचा स्वयंपाक आचारी करतात. देवीचा नैवेद्य मात्र निराळा शिजतो. तो सोवळ्यात, एकाच हाताने आणि मौनाने व्हावा असा तेथील दंडक आहे. नैवेद्य दाखवून झाला की ताटातील प्रत्येक पदार्थ पंगतीच्या त्या त्या पातेल्यात मिसळतात. म्हणजे प्रत्येकाच्या पानात देवीचा प्रसाद पोहोचतो. पुष्कळ वर्षे तो हात सुनीतीबाईंचा होता. नदीत स्नान करून त्या ओलेत्याने घाट चढत, चुलीपुढे बसत, आणि नैवेद्य पूर्ण होईपर्यंत कोणाच्या स्पर्शाची सावलीही स्वतःवर पडू देत नसत. त्यांचे पती मकरंदराव, निवृत्त शिक्षक, थट्टेने म्हणत, “माघात मला बायको नसते. देवीने ती उसनी नेलेली असते.”

त्या काळी विषमज्वर, लोक ज्याला टायफॉईड म्हणत, पुन्हा जुन्या उग्र रूपात परतला होता. एकेकाळी औषधाच्या थोड्या मात्रांनी नमणारा हा रोग औषधांच्या अविचारी वापरामुळे निर्ढावत गेला. त्याच्या जीवाणूने एकामागून एक औषध पचवले. लस काहींना तारत असे, सर्वांना नाही. ज्या वर्षी ही साथ कृष्णाकाठी उतरली, त्या वर्षीच्या आश्विनात सुनीतीबाईंना ताप आला. तिसऱ्या आठवड्यात आतड्याला छिद्र पडले. जिल्ह्याच्या रुग्णालयात त्यांचे पोट उघडावे लागले, आणि पुढे कित्येक दिवस त्यांचा श्वास यंत्राच्या आधीन राहिला. कोणतेही औषध लागू पडत नव्हते. मकरंदरावांनी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून नवस केला, की ही वाचली तर येत्या माघात देवीचा नैवेद्य हिच्याच हातून होईल.

एका सकाळी ताप उतरला आणि पुन्हा चढला नाही. वैद्यांनी त्याचे श्रेय शेवटी दिलेल्या औषधांना दिले, मकरंदरावांनी देवीला. तिसऱ्या कारणाचा विचार कोणाला सुचला नाही. रुग्ण वाचला म्हणजे कारणाचा शोध बहुधा थांबतो.

घरी सोडताना डॉक्टर रेहाना बागवान यांनी त्यांना खुर्चीत बसवून बजावले. या तरुण डॉक्टरबाईंनीच त्यांची रात्रंदिवस शुश्रूषा केली होती.

“काकू, घरी जा, खा, प्या, झोपा. पण लोकांसाठी स्वयंपाक इतक्यात नको. आठ-आठ दिवसांनी तीन नमुने द्यायचे. तिन्ही स्वच्छ आले की मग हजार पानं वाढा.”

“नमुने कसले?”

“सकाळचे. डबीत.”

सुनीतीबाईंनी मान वळवली.

“आता कसली लाज काकू? तुमच्या आतड्याशी माझी जुनी ओळख आहे.”

सुनीतीबाईंनी तिन्ही नमुने निष्ठेने दिले. परंतु त्यांची एक समजूत होती. ज्या परीक्षेने आपण शुद्ध आहोत की नाही हे ठरायचे, ती शुद्ध देहानेच द्यावी, असे त्यांना वाटे. म्हणून प्रत्येक नमुन्याच्या आधी दोन दिवस त्यांनी कडकडीत उपवास केला, केवळ पाण्यावर राहिल्या, आणि स्नान करून मगच ती डबी हाती घेतली. तिन्ही नमुने स्वच्छ आले. आदल्या दिवशी काय खाल्ले होते, हे त्यांना कोणी विचारले नाही; आणि न विचारलेले सांगावे असे त्यांना वाटले नाही.

माघ आला. घाटावर उत्सवाच्या तरुण कार्यकर्त्यांपैकी एकीने त्यांच्यापुढे हातमोजे धरले.

“काकू, हे घाला. नगरपालिकेचा नियम आहे.”

सुनीतीबाईंनी मौन मोडले नाही. त्यांनी हाताने फक्त ‘लांब’ अशी खूण केली. रबर सोवळ्यात चालत नाही, हे मकरंदरावांनी त्या मुलीला समजावून सांगितले. नैवेद्य झाला, आरती झाली, आणि सुनीतीबाईंनी स्वतःच्या हाताने कालवलेली काकडीची कोशिंबीर, तिच्या शेजारच्या सर्व शिजलेल्या पदार्थांप्रमाणेच, पंगतीच्या मोठ्या पातेल्यात मिसळली गेली. नवस फिटला. त्या दिवशी पाटावर बसून सुनीतीबाई पतीला म्हणाल्या, “कशासाठी वाचले ते आज कळलं.”

पंधरवड्याच्या आत गावात चाळिसावर माणसे तापाने आजारी पडली. त्या काळात रुग्णाच्या जीवाणूची जनुकीय लिपी एका दिवसात वाचता येई, आणि एका माणसाकडून दुसऱ्याकडे झालेला प्रवास वंशावळीसारखा मांडता येई. या सर्व वंशावळी एकाच मूळ स्त्रीकडे जात होत्या.

गावात गोष्ट लपत नाही. सुनीतीबाई मंडईत गेल्या तेव्हा भाजीवालीने त्यांच्या पिशवीत मेथी घालताना शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हटले, “काकूंचा प्रसाद आमच्या घरी पण पोचला बरं का. माझ्या जावेच्या अंगात अजून आहे.” शेजारीण हसली. सुनीतीबाई मेथी तेथेच ठेवून घरी आल्या, आणि पुढे कित्येक दिवस स्वयंपाकघरात गेल्या नाहीत. मकरंदराव खिचडी करीत आणि ती दोघे न बोलता खात.

डॉक्टर रेहाना त्यांच्या घरी आल्या त्या अशा अवस्थेत. चहा नको म्हणून त्या सरळ समोर बसल्या.

“काकू, मला एकच सांगा. तुम्ही नमुना दिलात, त्याच्या आदल्या दिवशी काय जेवला होतात?”

“काही नाही. उपास होता.”

“तिन्ही वेळेला?”

“तिन्ही वेळेला. परीक्षा ओवळ्याने कशी द्यायची?”

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग त्या हसल्या, आणि आपण हसलो याचे त्यांना वाईटही वाटले. “मी स्वतः दरवर्षी महिनाभर रोजे धरते, आणि हे विचारायचं मलाच सुचू नये! काकू, चूक तुमची नाही. माझी आहे.”

त्यांनी मग जे सांगितले ते असे. विषमज्वरातून बरे झालेल्या काहींच्या शरीरात तो जीवाणू मरत नाही. तो पित्ताशयात, विशेषतः पित्तखड्याच्या बुळबुळीत आवरणात दडून राहतो. माणूस धडधाकट दिसतो, आणि रोग वाहत असतो. पित्ताशयाचे तोंड स्निग्ध अन्न पोटात गेले की उघडते; उपवासात ते बहुतेक मिटलेले असते. सुनीतीबाईंच्या उपवासाने आत जे होते ते आतच कोंडून ठेवले, आणि परीक्षेला रिकामा देह पाठवला.

“म्हणजे मीच,” सुनीतीबाई म्हणाल्या.

“हो. पण मी एवढ्यासाठी आलेले नाही. दुसरी गोष्ट ऐका. नदीच्या खालच्या अंगाच्या गावांत याच साथीने माणसं मरताहेत. तुमच्याकडून ज्यांच्याकडे ताप गेला त्यांच्यातलं एकही माणूस दगावलं नाही. पाच-सहा दिवसांत प्रत्येकाचा ताप आपोआप उतरला. मी त्यांना दिलेलं औषध म्हणजे साधं पाणी होतं म्हटलं तरी चालेल. मग त्यांना कशाने बरं केलं?”

मकरंदराव पटकन म्हणाले, “देवीने.”

“असेल काका. पण देवीने कोणाच्या हातून केलं ते मला शोधायचंय.”

शोध लागला. जीवाणू डोळ्यांना दिसत नाही. पण त्याच्याहूनही कितीतरी सूक्ष्म असा एक विषाणू सृष्टीत आहे, जो माणसाच्या वाटेस जात नाही. तो जीवाणूवरच जगतो. जीवाणूच्या कवचाला धरून तो आपले बीज आत सोडतो. अल्पावधीत त्या एकाचे शेकडो होतात, आणि जीवाणू फुटून जातो. त्याला जीवाणुभक्षी म्हणतात. नदीत, मातीत, सांडपाण्यात त्याच्या असंख्य जाती असतात, आणि प्रत्येक जात आपल्या ठरावीक भक्ष्यापलीकडे कोणाला शिवत नाही. सुनीतीबाईंच्या पित्ताशयात असाच एक भक्षी सापडला. तो तेथे कसा पोहोचला हे कोणी ठामपणे सांगू शकले नाही. त्याच्याच योगाने त्यांचा ताप उतरला असावा. आणि पंगतीत ज्यांच्या पोटात रोग गेला, त्यांच्या पोटात त्या रोगाचा शत्रूही त्याच घासातून गेला.

या भक्षीचे औषध करता आले असते, तर ही कथा येथेच संपती. प्रयोगशाळेत त्याची पैदास झालीही. परंतु काचेच्या नळीत जीवाणूला मानवी देहाशी झगडावे लागत नाही. म्हणून काही पिढ्यांत तो आपले जड कवच टाकून देतो. कवचच नाहीसे झाले, की त्या कवचाला धरायला शिकलेला भक्षीही आपली पकड विसरतो. बर्फात गोठवून ठेवलेला भक्षी तसाच राहतो खरा; परंतु बाहेर रोग पुढे सरकत असतो, आणि गोठलेला भक्षी हळूहळू निरुपयोगी होतो. सुनीतीबाईंच्या पित्ताशयात मात्र जीवाणू कवच बदलत होता आणि भक्षी पकड. दोघांपैकी कोणी जिंकत नव्हता, कोणी हरत नव्हता. मानवी देहाशी ज्या झगड्याने बाहेरचा रोग बदलत होता, त्याच झगड्याने आतलाही. म्हणून ताजा, उपयोगी भक्षी मिळण्याचे त्या प्रदेशात एकच ठिकाण होते.

दर काही दिवसांनी सुनीतीबाई रुग्णालयात जाऊ लागल्या. चमचाभर तूप प्यायचे, बारीक दोरा गुंडाळलेली एक कॅप्सूल गिळायची, आणि दोऱ्याचे दुसरे टोक गालावर चिकटवून तास-दोन तास बसायचे. मग परिचारिका दोरा हळूच ओढून काढी. त्याच्या पिवळ्या टोकातून भक्षी वेगळे काढले जात, जीवाणूपासून गाळून शुद्ध केले जात, वाढवले जात, आणि कुपीतून रुग्णांना पाजले जात. जी स्त्री दुसऱ्याच्या पेल्याला ओठ लागला म्हणून पेला मातीने घासून घेई, तिच्या पोटातले आता शेकडो अनोळखी माणसे पीत होती. पहिल्या दिवशी हाच विचार त्यांनी बोलून दाखवला.

“उष्टं पाजतोय आपण लोकांना,” त्या म्हणाल्या.

“गाळून,” डॉक्टर रेहाना म्हणाल्या.

“उष्टं गाळलं म्हणून सोवळं होत नाही गं.”

याच सुमारास त्यांची एकुलती मुलगी ऋजुता पुण्याहून आली. तिला सातवा महिना होता. ती ओटीवर बसली. सुनीतीबाई अंगणात, तिच्यापासून चार हात दूर. चहा मकरंदरावांनी केला.

“बाबा, हा चहा आहे की काढा?”

“दोन्हीच्या मधलं आहे. पी.”

ऋजुताने कप खाली ठेवला. “आई, मी डॉक्टरांशी बोलले. पित्ताशय काढलं की सगळं संपतं. दुर्बिणीतून करतात, दुसऱ्या दिवशी घरी. महिन्याभरात तू मोकळी. मग मी बाळंतपणाला इथे येऊ शकते.”

“आणि नाही काढलं तर?”

“तर डॉक्टर नवजात बाळ तुझ्या मांडीवर देणार नाहीत. तुझ्या हातचं मला खाता येणार नाही. आणि तो खडा नि ते जंतू वर्षानुवर्षं एकत्र राहिले, तर तिथे कॅन्सरचं भय वाढतं. हे त्यांनी तुला सांगितलंय ना?”

“सांगितलंय.”

“मग? पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून तू साऱ्या गावातल्या सुनांसाठी त्यांच्या सासवांशी भांडलीस. आता माझ्या वेळेला गप्प का?”

सुनीतीबाईंनी लेकीच्या पोटाकडे पाहिले. नंतर त्या म्हणाल्या, “घे तारीख.” शस्त्रक्रियेची तारीख ठरली. मकरंदरावांनी माळ्यावरून पाळणा उतरवला आणि त्याचा गंज काढत बसले. घरात पुष्कळ दिवसांनी बोलणे ऐकू येऊ लागले.

शस्त्रक्रियेपूर्वी साठवणीसाठी जास्तीत जास्त भक्षी मिळावेत म्हणून डॉक्टरांनी सुनीतीबाईंना रोज बोलावले. गालावर दोरा चिकटवून बसलेल्या सुनीतीबाईंनी एकदा विचारले, “हे साठवलेलं किती दिवस पुरेल?”

“काही महिने. वर्षभर म्हणाल तर खोटं बोलेन.”

“आणि मग?”

“मग तुमच्यासारखं दुसरं कोणी सापडेल.”

“सापडलंय?”

“शोधतोय काकू. पुष्कळ वाहक सापडले. त्यांच्यात नुसता रोग आहे.” डॉक्टरांनी दोऱ्याची चिकटपट्टी सारखी केली. “हे बघा, तुम्ही ऑपरेशन करा. तुमची डॉक्टर म्हणून मी हेच सांगेन. तुमच्यावर कोणाचा हक्क नाही. माझा तर नाहीच नाही.”

“मी हक्काचं विचारलं नव्हतं.”

दोरा निघायला अवकाश होता. सुनीतीबाई उठून व्हरांड्यातून चालू लागल्या आणि विषमज्वराच्या वॉर्डाच्या दाराशी थांबल्या. दाराजवळच्या खाटेवर लोखंडे नावाचे निवृत्त बसकंडक्टर उशाला टेकून बसले होते. गाल खोल गेलेले. पण आवाज अजून गच्च भरलेल्या गाडीला पुरेल असा. परिचारिका त्यांच्यापुढे कुपी धरून उभी होती.

“हे पिवळं काय आहे ते आधी सांगा,” लोखंडे म्हणत होते. “पंचवीस वर्षं गाडीत मी कोणाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ दिलं नाही. माझ्या पोटात विचारल्याशिवाय कसं जाईल?”

“आजोबा, औषध आहे. एका बाईंच्या पित्तातून काढतात.”

“पित्तातून?” लोखंडे कुपीवर वाकले. मग खाटेशेजारी स्टुलावर बसलेल्या आपल्या पत्नीकडे वळून म्हणाले, “ऐकलंस? तुझ्या हातचं चाळीस वर्षं पचवलं. त्यापुढे दुसऱ्या बाईचं पित्त ते काय!”

“गप प्या,” ती म्हणाली. “वाचलात तर मग बोला माझ्या स्वयंपाकाला.”

लोखंड्यांनी कुपी एका घोटात रिकामी केली, तोंड वेडेवाकडे केले, आणि दारातल्या अनोळखी बाईकडे त्यांचे लक्ष गेले. “काय हो, गालाला दोरी कसली? तुम्हालाही पाजतात का हे?”

“नाही,” सुनीतीबाई म्हणाल्या. “माझं वेगळं आहे.”

“मग बऱ्या आहात. बसा. आमची ही म्हणते, मी बरा झालो की ज्वारीची भाकरी देणार. डॉक्टर म्हणतात पेज. तुम्हीच सांगा, आतडं ह्या अवस्थेत असलं तर भाकरी कधी द्यायची?”

सुनीतीबाईंनी त्या प्रश्नाचा खराखुरा विचार केला. “आधी भाताची पेज. ती मानवली की मऊ भात, ताक घालून. भाकरी महिन्यानंतर, तीही कुस्करून, दुधात भिजवून.”

लोखंड्यांच्या पत्नीने मान डोलावली. “ह्यांच्याकडून शिका,” ती पतीला म्हणाली, “पोटातलं ह्यांना कळतं.”

आठवड्याने सुनीतीबाई पुन्हा त्या वॉर्डाशी गेल्या, तेव्हा लोखंडे घरी गेले होते. त्यांच्या खाटेवर दुसरा रुग्ण होता, आणि त्याच्या शेजारच्या स्टुलावर दुसरी स्त्री. सुनीतीबाई तेथे उभ्या राहिल्या. त्या स्त्रीने त्यांच्याकडे पाहिले नाही. तिचे डोळे रुग्णाच्या श्वासाकडे लागले होते. सुनीतीबाईंना वाटले, अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर मकरंदराव असेच बसले असतील. त्या परत फिरल्या, आणि डॉक्टर रेहानांच्या खोलीत जाऊन म्हणाल्या, “तारीख रद्द करा.”

डॉक्टरांनी त्यांना खुर्ची दिली, आणि पित्ताशयाच्या कर्करोगाविषयी जे पूर्वी सांगितले होते ते सगळे पुन्हा सांगितले, अधिक कठोर शब्दांत. सुनीतीबाईंनी शांतपणे ऐकून घेतले. “दर सहा महिन्यांनी तपासा,” त्या म्हणाल्या. “तसं काही दिसलं, किंवा माझ्यासारखं दुसरं कोणी सापडलं, की काढून टाका. तोवर राहू दे.”

ऋजुताला त्यांनी फोनवर न सांगता समोर सांगितले. ‘ये’ एवढेच कळवल्यावर ती दुसऱ्याच दिवशी गाडी करून आली होती. या वेळी ती ओटीवर बसली नाही.

“हजारो माणसं आहेत जगात,” ती म्हणाली. “त्यांच्यातल्या कोणालाही तू ओळखत नाहीस. मला ओळखतेस. आई, तू वाचलीस ती माझ्यासाठी का नाहीस?”

सुनीतीबाई अंगणाच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. “वाचले तेव्हा वाटलं, देवीसाठी वाचले. तिचा स्वयंपाक केला, नि गाव आजारी पाडलं. मग वाटलं, उगाचच वाचले. तू तारीख घेतलीस तेव्हा वाटलं, तुझ्यासाठी. दर वेळेला मला नक्की वाटलं होतं.” त्यांनी कठड्यावरचा हात काढून लेकीकडे पाहिले. “कशासाठी वाचले ते आता मी शोधतच नाही, ऋजू. माझ्यापाशी जे आहे ते दुसऱ्या कोणापाशी नाही, एवढंच दिसतं. ते मला काढून टाकवत नाही.”

“आणि मी?”

ऋजुता गाडीत बसली. मकरंदराव खिडकीशी वाकून काही सांगू लागले, पण काच वर गेली होती.

पुढील माघात देवीचा नैवेद्य शेजारच्या घरच्या सुनेने केला. सुनीतीबाई घाटाच्या अगदी वरच्या पायरीवर बसल्या. भाजीवाली त्यांच्या जवळून गेली, थबकली, आणि त्यांच्या शेजारी बसून राहिली. खालच्या अंगाच्या एका गावी तिचा भाऊ त्या कुपीतल्या औषधाने नुकताच बरा झाला होता.

ऋजुताला पुण्यात, सासरी, मुलगी झाली. निरोप जावयाने, अद्वैतने दिला. सुनीतीबाईंनी दुधावर साखर ठेवून देवाला दाखवली, आणि फोन हातात धरून बराच वेळ बसल्या; पण लेकीने बोलावल्याशिवाय तो लावला नाही. काही दिवस गेले. मग एका दुपारी फोन वाजला आणि पडद्यावर कढई दिसली.

“आई, मी अद्वैत. माझी आई गावी गेलीये, आणि ऋजुताला डिंकाचे लाडू पाहिजेत. विकतचे खात नाही. मी तूप ठेवलंय. डिंक टाकू?”

“तूप तापलंय का?”

“तापलं असावं.”

“असावं चालत नाही. एक खडा टाकून बघा. फुलून वर आला पाहिजे.”

“आला! अहो, केवढा फुगला!”

“आता आच मंद करा. नि बाकीचा थोडा थोडा टाका, सगळा एकदम—”

“टाकला.”

“सगळा?”

“सगळा. आई, हा उडतोय! डोळ्यात जाईल माझ्या!”

“बाजूला व्हा! झाकण नका ठेवू, वाफ धरेल. झाऱ्या घ्या. झाऱ्या, ते उलथनं आहे!”

मकरंदराव आतून धावत आले, आणि दोघे मिळून त्या इवल्या पडद्यात ओरडू लागले. डिंक निघाला, अर्धा पांढरा, अर्धा तांबूस. खारीक आली, खोबरे आले, गुळाचा पाक झाला. अद्वैतने भाजलेल्या बोटांनी ओबडधोबड लाडू वळले. सुनीतीबाई तळहात पुढे करून, मोकळ्या हवेत, मूठ कशी दाबायची ते दाखवत होत्या.

फोन तसाच चालू राहिला. अद्वैत लाडू घेऊन आतल्या खोलीत गेला. कढईच्या मागची भिंत तेवढी दिसत होती. तान्ह्या बाळाचा हुंकार ऐकू आला.

“आई,” आतून ऋजुताचा आवाज आला. कित्येक आठवड्यांनी तो त्यांच्या कानी पडत होता. “जायफळ विसरलात तुम्ही दोघं.”

“विसरले खरं,” सुनीतीबाई म्हणाल्या.

“पण खाते मी. दुसरा पण आण म्हणावं त्याला.” लाडू फुटल्याचा आवाज आला. “तू जेवलीस का?”

“नाही अजून.”

“मग जेव ना. तीन वाजत आले. बाबांना सांग वाढायला.”

मकरंदरावांनी पान वाढले.

त्या बालिकेला निरामय आयुष्य लाभो, आणि आजीची मांडी तिला फार उशिरा न मिळो. तिच्या मातेच्या मनातील रोष दुधासारखा निवत जावो. लोखंड्यांना त्यांच्या पत्नीच्या हातची भाकरी पुष्कळ वर्षे पचो, आणि डॉक्टर रेहानांचा शोध सफल होवो. पित्ताशयाच्या अंधारात एकमेकांना न जिंकता, न हरता नांदणाऱ्या त्या दोन अदृश्य जीवांनी आपल्या यजमानिणीचा देह जपून वापरावा; आणि ज्या देहाने इतक्यांना आसरा दिला, त्याला दिवसाच्या शेवटी गाढ झोप लागावी.